जुना संगणक भंगारात देण्याआधी

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. 2015 च्या जुलैत आलेली ही प्रणाली दहा वर्षं चालली. तिच्या जागी आलेली विंडोज 11 मात्र साधारण 2018 च्या आधी घेतलेल्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. मुंबई-ठाण्यात या निर्णयाचा अर्थ एका कुटुंबाला नवा लॅपटॉप घ्यावा लागणं एवढाच होऊ शकतो. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत तो वेगळा आहे. इथे आश्रमशाळेच्या संगणक कक्षातली यंत्रं, ग्रामपंचायतीच्या टेबलावरचा संगणक, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन यांतलं एकेक यंत्र अख्ख्या गावाच्या किंवा वर्गाच्या कामी येतं. ते बंद पडलं तर दाखला अडतो, फॉर्म भरायचा राहतो, मुलांचा तास कोरडा जातो. म्हणून ‘आता नवीनच घ्या’ हा दुकानातून मिळणारा सल्ला इथे तपासून घेतला पाहिजे. माझं म्हणणं असं की संगणक ठेवायचा की काढायचा, त्यात कोणती प्रणाली टाकायची, हे त्याच्या वयावरून न ठरवता त्याच्याकडून घेतल्या जाणाऱ्या कामावरून ठरवावं. तसं केलं तर यांतली बरीचशी यंत्रं थोड्या पैशांत आणखी काही वर्षं सुरक्षितपणे चालतील.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ असा. तो दिसतो तितका व्यवहारी नाही. प्रणालीत सुरक्षेची भोकं सतत सापडत असतात आणि अपडेट म्हणजे ती बुजवण्याचं काम. अपडेट थांबले की त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक कायम उघडं राहतं, आणि ते कुठे आहे हे चोरांनाही कळलेलं असतं. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतले संगणक कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. बळी पडले ते बहुतांश अपडेट न घेतलेले विंडोज 7 चे संगणक. पुढच्याच महिन्यात तेच भोक वापरणाऱ्या नॉटपेट्याने जगभरातल्या कंपन्या ठप्प केल्या आणि त्याच्या तडाख्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाजही थांबलं. तिथल्या कंटेनरांपुढे ग्रामपंचायतीचा संगणक किरकोळ वाटेल, पण हा व्हायरस लहानमोठं पाहून शिरत नाही. ग्रामपंचायतीच्या संगणकात तर लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि जातीच्या दाखल्यांच्या प्रती असतात. शिवाय प्रणालीला आधार उरला नाही की हळूहळू ब्राउझरही पाठ फिरवतात. विंडोज 7 वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या 2023 च्या सुरुवातीलाच थांबल्या. आज चालणारं सरकारी संकेतस्थळ उद्या उघडायला नकार देतं ते याच वाटेने.

दुसरी सूचना येते ती गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून: ‘फॉरमॅट मारून अकरा टाकून देतो.’ विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट, 4 जीबी रॅम आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी जवळपास आठव्या पिढीपासून सुरू होते. अटी चुकवून ती जुन्या यंत्रावर बसवता येते हे खरं. पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि 2024 च्या आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. बरं, हे काम बहुधा ‘क्रॅक’ प्रतीने होतं, कारण खरा परवाना दहा हजारांच्या घरात जातो. सुरक्षेसाठी प्रणाली बदलायची आणि ती कुणी फोडून आत काय भरलं आहे हे माहीत नसलेल्या फाइलमधून घ्यायची, हा व्यवहार कुठल्याच हिशोबात बसत नाही. शाळेने किंवा पंचायतीने तर तो मुळीच करू नये.

पैसे कुठे घालावेत हे समजण्यासाठी संगणक मंद का होतो ते पाहावं लागतं. 2013-15 च्या सुमाराचा कोअर आय-3 प्रोसेसर पत्र लिहायला, तक्ते करायला, व्हिडिओ बघायला आजही पुरतो. अडतं ते बहुतेक वेळा हार्ड डिस्कवर. तिच्यात तबकडी फिरते आणि एक सुई हवी ती माहिती शोधत तिच्यावर पुढेमागे सरकते. नव्या प्रणाली एकाच वेळी शेकडो लहान फाइली मागतात तेव्हा ही सुई दमते. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तोच संगणक सुरू व्हायला मिनिटांऐवजी सेकंद लागतात. 240-256 जीबीची साधी एसएसडी बसवली आणि रॅम 4 वरून 8 जीबी केली, तर नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा भागात काम होतं. सध्या रॅमचे भाव चढे आहेत, तेव्हा दोन्ही परवडत नसेल तर आधी एसएसडी घ्यावी. डहाणूहून लोकलने ग्रँट रोडला उतरलं की शेजारीच लॅमिंग्टन रोडचा बाजार आहे. पाच-दहा संगणकांचे सुटे भाग एकदम घेणाऱ्या शाळेला तिथे भाव विचारणं सोयीचं. आणखी एक गोष्ट इतकी स्वस्त आहे की ती कुणाच्या लक्षात येत नाही. मदरबोर्डवर सीआर 2032 हा नाण्याएवढा सेल असतो. तो मेला की संगणकाची तारीख दर वेळी मागे जाते आणि तारीख चुकली की बँकेची, सरकारची सगळी संकेतस्थळं ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत. कित्येक संगणक केवळ यामुळे बाद ठरवले जात असतील.

आता प्रणालीकडे. शाळेचा संगणक कक्ष, वाचनालय, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचं घर, पंचायतीत फक्त पत्रव्यवहाराला वापरलं जाणारं यंत्र, या ठिकाणी लिनक्स टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये सुरू केलेल्या या गाभ्याभोवती जगभरातल्या लोकांनी अनेक मोफत प्रणाली बांधल्या. आपल्याकडे सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय आवृत्तीही केली. विंडोजची सवय असलेल्यांना लिनक्स मिंट सोपी जाते, आणि तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती 4 जीबी रॅमवर नीट चालते. मिंटच्या 22 व्या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत. या दोन तालुक्यांच्या दृष्टीने तिचा सगळ्यात मोठा गुण मात्र वेगळाच आहे. तिची जवळपास तीन जीबीची फाइल डहाणूत चांगलं नेट असलेल्या ठिकाणी एकदा उतरवली, पेन ड्राइव्हवर चढवली, की तोच पेन ड्राइव्ह कासा, सायवन, उधवा, झरीपर्यंत कितीही संगणकांना चालतो, आणि ही नक्कल पूर्णपणे कायदेशीर आहे. टॉवरची रेंज शोधत फिरणाऱ्या गावात याचं मोल मोठं आहे. शिवाय काही न पुसता, पेन ड्राइव्हवरूनच ती आधी चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का हे पाहून मगच ठरवायचं. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक तिच्यात मिळतो, आणि फायरफॉक्स व लिब्रेऑफिसचे मेनूही मराठीत करता येतात. ज्या मुलाने पहिल्यांदा वारलीतून मराठीत आणि मग मराठीतून इंग्रजीत उडी मारायची असते, त्याची एक उडी तरी यामुळे वाचते.

‘पण नोकरीत विंडोज लागते, एमएस-सीआयटी विंडोजवर होते, मग मुलांचं नुकसान नाही का?’ हा आक्षेप पालकांच्या काळजीतून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. केरळने सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सच वापरली. तिथल्या ‘काइट’ या संस्थेने 2019 मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर ती असल्याचं आणि त्यातून 3000 कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं होतं. तिथली मुलं नोकऱ्यांत मागे पडली असं काही दिसत नाही. टंकलेखन, तक्त्यातली सूत्रं, फाइल शोधणं, इंटरनेटवर खरं-खोटं पारखणं ही कौशल्यं एका प्रणालीवरून दुसरीवर सहज जातात. न जाणारी गोष्ट एकच, हाताला न मिळालेला सराव. चाळीस मुलांच्या वर्गात दहापैकी तीनच संगणक चालू असतील तर मुलांचं नुकसान तिथे होतं. शिक्षकांच्या तयारीचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत मिळतात.

तरीही लिनक्स सगळीकडे चालेल असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपले सरकार सेवा केंद्रात अंगठ्याचं यंत्र लागतं, आणि अशा यंत्रांची सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतात. डिजिटल सहीच्या टोकनचंही पुष्कळदा तसंच. उधव्याच्या किंवा डहाणूच्या व्यापाऱ्याचा टॅली प्राइम विंडोजवरच चालतो. झेरॉक्सच्या दुकानांत ठाण मांडून बसलेला कॅननचा एलबीपी 2900 प्रिंटर लिनक्सवर बराच त्रास देतो. एचपीचे प्रिंटर त्या मानाने शहाणे. जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील. अशा ठिकाणी विंडोज ठेवावी, पण उघड्यावर नाही. विंडोज 10 साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली आहे. व्यक्तिगत वापराच्या संगणकाला ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर मोफत मिळते. शैक्षणिक संस्थांसाठी दर संगणकामागे पहिल्या वर्षी 1, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 4 डॉलर असा दर आहे. इतर संस्थांना पहिल्याच वर्षी 61 डॉलर पडतात आणि दर वर्षी रक्कम दुप्पट होते. म्हणजे सेवा केंद्रासाठी हा टेकू फार काळ परवडणारा नाही. नव्या संगणकासाठी जो थोडा निधी असेल तो इथे वापरावा, आणि तिथला जुना संगणक एसएसडी घालून शाळेकडे किंवा वाचनालयाकडे द्यावा.

एक मर्यादा मान्य करायलाच हवी. 2006-07 च्या आधीचे 32 बिट संगणक आता वाचवण्यासारखे राहिलेले नाहीत. डेबियनसारख्या सबुरीच्या प्रकल्पानेही 2025 मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. ते भंगारवाल्याच्या हाती न देता 2022 च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेले पाहिजेत. तार जाळून तांबं काढण्याची भट्टी 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित असलेल्या डहाणू तालुक्यात, चिकूच्या वाडीशेजारी पेटायला नको.

राहता राहिला प्रश्न, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आज लिनक्स जाणणारा माणूस या भागात सहज सापडत नाही, हे खरं. पण तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे, तिथली दोन-चार मुलं तयार झाली तर आसपासच्या शाळांना पुरतील आणि त्यांना वरखर्चाचं कामही मिळेल. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या डहाणू कार्यालयाने मनावर घेतलं तर एका आश्रमशाळेपासून सुरुवात करता येईल. पावसाळ्यात वीज जायला लागली की प्रणाली बदलण्याचं काम अर्ध्यात तुटून संगणक आणखी बिघडतो, म्हणून ते मे महिन्यात, यूपीएसची बॅटरी तपासून करावं. त्याआधी शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि ग्रामपंचायतींनी आपल्याकडच्या प्रत्येक संगणकासमोर एवढंच लिहावं: यावर नेमकं कोणतं काम होतं, आणि त्यातल्या फाइलींची दुसरी प्रत कुठे आहे. हा कागद हातात असल्याशिवाय नव्या खरेदीचा ठराव मंजूर करू नका.