घरातलं कापड (लेखांक ७) : पांघरुणाची परीक्षा पावसाळ्यात

मागच्या लेखांकात पडदे झाले. आज अंथरूण-पांघरूण.

दुकानात चादर घेताना आपण आधी नक्षी बघतो, मग रंग, मग हात फिरवून मऊपणा. पांघरूण घ्यायचं असेल तर डोक्यात थंडी असते. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. आपल्याकडे कडाक्याची थंडी थोडे दिवस टिकते. मुंबई-कोकणात तर तेवढीही नाही. घाम आणि दमट हवा मात्र वर्षाचा मोठा भाग सोबत असतात. म्हणून कापडाला पहिला प्रश्न ओलीचा विचारावा, उबेचा नंतर.

याचं उत्तर धाग्यातच असतं. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता या प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल धरून ठेवतो. लोकर १६ टक्क्यांच्या आसपास धरते. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे पॉलिएस्टरच्या चादरीवर आलेला घाम कापडात शिरत नाही, अंगाशीच राहतो, आणि मध्यरात्री पाठ चिकटल्यासारखी होते. दुकानात हाताला गुळगुळीत लागलेलं कापड मे महिन्यात नकोसं होतं ते यामुळेच. ‘ग्लेस कॉटन’ या नावाखाली मिळणाऱ्या चकचकीत स्वस्त चादरी बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्याच असतात. शंका आली तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून, घराबाहेर जपून पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

सुताचीही एक अडचण आहे. ते ओल पितं तसं सोडायलाही वेळ घेतं. जुलैत जाड सुती चादर दोन दिवस दोरीवर राहते आणि तरी कुबट वास जात नाही. त्यावर उपाय पातळ सुताचा. मलमलीचे दोन-तीन पदर एकत्र शिवलेली दोहर पावसाळ्यात उत्तम. पहाटेच्या गारव्यापुरती ऊब देते आणि पंख्याखालीही वाळते.

आता विणीबद्दल. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो. या विणीच्या ‘परकॅल’ चादरी कोऱ्या, किंचित करकरीत लागतात आणि त्यातून हवा खेळते. ‘सॅटीन’ विणीत धागा एकदम चारेक धाग्यांवरून तरंगत जातो, म्हणून चमक आणि मऊपणा येतो. पण कापड अंगाला जास्त लगटतं आणि तरंगते धागे लवकर खरवडले जातात. विदर्भाच्या उन्हाळ्यात परकॅल, नाशिकच्या डिसेंबरात सॅटीन, असा माझा सरळ हिशेब. फलालीनचे तंतू घासून वर काढलेले असतात. त्यांत हवा अडकते म्हणून ते उबदार, पण महाबळेश्वरात राहत नसाल तर पैसे वाचवा.

थ्रेड काउंटचा बाऊ करू नका. एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची ती बेरीज. २०० ते ४०० च्या दरम्यान चांगली चादर मिळते. पाकिटावर १००० छापलेलं असतं तेव्हा बरेचदा पीळ घातलेल्या एका धाग्यातले पदर सुटे मोजलेले असतात.

थंडीसाठी आपल्याकडे पर्याय भरपूर आहेत. सोलापुरी चादर घ्या. जेकार्ड मागावर नक्षी विणतानाच उतरते, छापलेली नसते, त्यामुळे ती धुऊन जात नाही. या चादरीला भौगोलिक मानांकनही आहे. गोधडीची ऊब तिच्या पदरांमध्ये कोंडलेल्या हवेची, म्हणून धावदोऱ्याचे टाके फार घट्ट ओढले की ती दिसते सुबक आणि लागते थंड. कापसाच्या रजईचंही तसंच. कापूस बसला की ऊब गेली. तिला ऊन दाखवत राहायचं, आणि गठ्ठे झाले की पिंजाऱ्याकडे न्यायची.

पण माझं मत विचाराल तर या सगळ्यांत घोंगडीची कदर सर्वांत कमी झाली. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. सनगर विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ लावून ती मागावर विणतात. नवी घोंगडी टोचते, हे खरं. तिच्याखाली जुनी सुती चादर घेतली की प्रश्न मिटतो. ओलीच्या परीक्षेत मात्र ती पहिली. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि ओल शोषताना थोडी उष्णता सोडते. धनगर भर पावसात घोंगडीची खोळ करून मेंढरांमागे उभे राहतात, त्यामागे हे शास्त्र आहे. एकच जपायचं : कसर. तिच्या अळ्या लोकरच खातात, आणि घामट, मळकट लोकर त्यांना अधिक आवडते. ठेवण्याआधी घोंगडी झटकून कडक उन्हात घाला.

उशीत सावरीचा कापूस मिळाला तर घ्या. त्याचे तंतू पोकळ आणि मेणचट असतात, त्यामुळे उशी हलकी राहते आणि ओल धरत नाही. घरात दम्याचा त्रास असेल तर उशी-रजईला सुती अभ्रा, खोळ हवीच. धुळीतले सूक्ष्म किडे दमट अंथरुणात वाढतात. अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले की ते मरतात.

तेव्हा यंदा खरेदीला निघाल तर एका जाड ब्लँकेटच्या पैशांत दोन पातळ सुती पांघरुणं घ्या. थंडी वाढली की दोन्ही एकावर एक घेता येतात, आणि पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरं अंगावर असतं. पुढच्या आठवड्यात टॉवेल आणि पंचे.