लहान मुलाच्या अंगाला वास का येतो?

लहान मुलाच्या अंगाला वास असतोच. दुधाचा, तेलाचा, जावळाचा. आजी नातवाला उराशी धरते आणि त्याच्या टाळूचा वास घेते. तो वास कुणाला नकोसा होत नाही. मी सांगणार आहे ते निराळ्या वासाविषयी. मूल न्हाऊन आले, धुतलेला सदरा घातला, तरी तासाभरात वास येतो. शेजारचे पोर नाक धरते. घरी आलेल्या बाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण मूल मांडीवरून हळूच खाली ठेवतात. आईला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मग घरात बोलणी सुरू होतात. सासूबाई म्हणतात, "तू नीट न्हाऊ घालत नाहीस." आई दिवसातून दोनदा न्हाऊ घालते. साबण बदलते. पावडर थापते. कुणी सांगते, बाहेरचे काही असेल, दृष्ट काढा. असा महिना जातो. वास जात नाही.

आयाबायांनो, आणि बापांनो, तुम्हीही ऐका. आधी घामाची गोष्ट समजून घेऊ. घाम दोन प्रकारचा असतो. एक सगळ्या अंगावर येतो. तो म्हणजे पाणी आणि मीठ. त्याला वास जवळजवळ नसतोच. दुसरा घाम काखेत आणि जांघेत येतो. तो दाट असतो. कातडीवरचे बारीक जंतू त्याच्यावर जगतात आणि त्यातून मोठ्या माणसाचा घामट वास तयार होतो. पण या दुसऱ्या घामाच्या ग्रंथी मूल वयात येईपर्यंत झोपलेल्या असतात. म्हणून चार वर्षांचे पोर दिवसभर उन्हात हुंदडले, तरी त्याच्या काखेला बापासारखा वास येत नाही. तेव्हा लहान मुलाला उग्र वास येत असेल, तर "घामाचाच असेल" म्हणून सोडून देऊ नये. त्याला काहीतरी कारण आहे. आठ वर्षांच्या आतल्या मुलीच्या किंवा नऊ वर्षांच्या आतल्या मुलाच्या काखेला मोठ्यांसारखा वास येऊ लागला, तर तेही डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळदा काळजीचे काही निघत नाही. कधी मात्र शरीर वेळेआधी वयात येत असते.

कारण कसे शोधायचे? यंत्र लागत नाही. आपले नाक पुरे. मुलाला स्वच्छ न्हाऊ घाला. मानेच्या घडीत दूध साचते, कानामागे मळ साचतो, जांघ ओली राहते. तेवढे नीट धुऊन कोरडे करा. मग उन्हात खडखडीत वाळलेला कपडा घाला. पावसाळ्यात दुपटी घरातच दोरीवर वाळतात, त्यांना कुबट वास येतो आणि बोल मुलाला लागतो! वास गेला, तर प्रश्न मिटला. नाही गेला, तर एकेक जागा हुंगून पाहा. डोके, कान, नाक, तोंड, काख, जांघ, पाय. पावडर मात्र लावू नका. पावडरीने वास झाकतो, मग तो कुठून येतो ते कळत नाही. शिवाय तान्ह्या मुलाच्या श्वासात ती गेली, तर अपाय होतो.

सगळ्यात जास्त फसवते ते नाक. आमच्या शाळेत दुसरीत एक मुलगी होती. तिच्या शेजारी कुणी बसेना. बाईंनी तिला खिडकीजवळ एकटी बसवली. तिची आई माझ्याकडे आली आणि रडू लागली. "गुरुजी, रोज डोक्यावरून न्हाऊ घालते हो. आणखी काय करू?" मुलगी जवळ उभी होती. मी पाहिले, तिची एकच नाकपुडी वाहत होती. सर्दी झाली तर दोन्ही वाहतात. मी त्यांना तालुक्याला नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी दिवा लावून पाहिले आणि चिमट्याने खोडरबराचा तुकडा बाहेर काढला. तो कित्येक महिने आत कुजत होता. चार-सहा दिवसांत वास गेला. नाकात लहानशी वस्तू अडकली, तर वास सबंध अंगाला येतो असे वाटते. मूल मात्र सांगत नाही. एक तर ते विसरते, नाहीतर मार बसेल म्हणून गप्प राहते.

मुले नाकात काय घालत नाहीत? हरभरा, चिंचोका, मणी, खडू, स्पंजाचा तुकडा. एका नाकपुडीतून घाण वासाचे पाणी किंवा रक्त आले, तर हीच शंका धरा. टाचणीने किंवा केसाच्या पिनेने कोरू नका, वस्तू आणखी आत जाते. पाणी-तेल ओतू नका. हरभरा पाण्याने फुगतो आणि घट्ट बसतो. आणि एक वस्तू फार वाईट आहे. घड्याळात, खेळण्यात, रिमोटमध्ये चपटी गोल बटणासारखी बॅटरी असते. ती नाकात गेली, तर काही तासांत आतला पडदा भाजून काढते, भोक पाडते. तशी नुसती शंका जरी आली, तरी रात्र असो की सण असो, त्याच पावली इस्पितळ गाठावे.

कानातून पू येत असेल, तर तेल घालून बसू नका. तोंडाला वास असेल, तर किडलेले दात पाहा, गळा दाखवा. लघवीला घाण वास आणि सोबत ताप असेल, तर लघवी तपासून घ्या. मुलीच्या चड्डीला डाग पडून दुर्गंधी येत असेल, तर तिला रागावू नका. जंतू झाले असतील, एखादी वस्तू आत गेली असेल, किंवा कुणी तिला त्रासही दिला असेल. आईने जवळ घेऊन विचारावे आणि डॉक्टर बाईंना दाखवावे.

आता दोन-तीन वास असे आहेत की ते आतल्या आजाराचा निरोप घेऊन येतात.

मुलाच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास येतो. मूल सारखे पाणी मागते, सारखी लघवी करते, वाळत चालले आहे. पुढे उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालतो. हा मधुमेह असू शकतो. तो लहान मुलांनाही होतो. बोटाच्या थेंबभर रक्तावर साखर तिथल्या तिथे कळते. यात उद्याची वाट पाहू नये, जीव जातो.

दुसरी हकीकत नॉर्वे देशातली आहे. तिथे एका बाईला दोन मुले होती. दोघांची बुद्धी वाढेना आणि अंगाला चमत्कारिक वास येई, उंदराच्या बिळासारखा. ती पुष्कळ डॉक्टरांकडे गेली. पुष्कळांनी तिचे बोलणे मनावर घेतले नाही. ती थांबली नाही. शेवटी १९३४ साली फोलिंग नावाच्या डॉक्टरांनी मुलांची लघवी तपासली. त्यात एक रसायन टाकले, तर रंग हिरवा झाला. अन्नातल्या प्रथिनांचा एक घटक त्या मुलांना पचत नव्हता आणि साचून मेंदूला विषासारखा होत होता. पुढे १९५३ साली इंग्लंडातल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की तो घटक कमी असलेला आहार दिला, तर मूल सुधारते. त्या दोन मुलांना याचा लाभ झाला नाही. आज मात्र जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन हा आजार ओळखता येतो. आपल्याकडे सगळीकडे ही तपासणी होत नाही, मोठ्या इस्पितळांत होते. बाळंतपणाच्या वेळी विचारावे.

तिसरा वास जळक्या साखरेचा, काकवीसारखा. १९५४ साली अमेरिकेत मेंकीस नावाच्या डॉक्टरांनी एका घरातली हकीकत लिहिली. चार भावंडे तान्हेपणीच गेली होती आणि त्यांच्या लघवीला असा वास येत असे. यातही प्रथिनांचे काही घटक पचत नाहीत. आता गंमत पाहा. हाच वास आपल्या मेथीला असतो, कारण वासाचा पदार्थ दोन्हीकडे एकच. बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले, तर तिच्या घामाला आणि कधी बाळालाही तो वास येतो. बाळ दणकून दूध पीत असेल, टवटवीत असेल, तर घाबरायचे कारण नाही. डॉक्टरांना मात्र मेथीचे सांगावे, नाहीतर त्यांचीही फसगत होते. पण बाळ दूध ओढत नाही, लुळे पडते, रडणे बारीक झाले, तर "मेथीचाच वास" म्हणत घरी बसू नका. हा आजार आठवड्या-दोन आठवड्यांत बाळाला नेतो.

काही मुलांच्या अंगाला मासळीसारखा वास येतो आणि मूल एरवी धडधाकट असते. अंडी, मासे, काळीज यांतून पोटात एक वासाचा पदार्थ तयार होतो, तो यांच्या शरीरात मोडला जात नाही. डॉक्टर आहार ठरवून देतात. आपल्या मनाने अंडी-मासे बंद करू नयेत, वाढत्या अंगाला ती हवीत.

हे जन्मजात आजार आई आणि बाप दोघांकडून आलेल्या खोटीने होतात. आईबाप स्वतः चांगले असतात. सुनेला एकटीला बोल लावण्यात काही अर्थ नाही.

डॉक्टरांकडे जाताना एवढे लक्षात ठेवून जा. वास कधीपासून आहे, कुठून येतो, कशासारखा आहे, काय खाल्ल्यावर वाढतो. कधी कधी नेमका दवाखान्यात वास येत नाही आणि आई खोटी पडते. म्हणून मुलाचा त्या दिवशीचा न धुतलेला सदरा पिशवीत घालून, तोंड बांधून सोबत न्यावा.