पाऊस संपला, आता गाडी कधी काढायची?

'अहो, आज गाडी काढू का?'

'कशाला? मी सोडतो की! रस्ते कुठे वाळलेत अजून?'

ऑक्टोबर उजाडला की घरोघरी हा संवाद ऐकू येतो. जूनमध्ये चिखल सुरू झाला की आपल्यापैकी बऱ्याच जणी स्कूटी प्लॅस्टिकखाली झाकून ठेवतात. मग मुलांच्या शाळेला रिक्षा, बाजाराला नवरा नाहीतर मुलगा, आणि बँकेचं काम 'कुणी तिकडे जाणार असेल तेव्हा'. पाऊस थांबतो, पण गाडी काही बाहेर येत नाही. आधी नवरात्र, मग दिवाळीची साफसफाई, मग 'बॅटरीच उतरलीय' म्हणून आणखी एक महिना. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची गाडी अशीच झाकली गेली आणि पुढच्या वर्षी निम्म्या किमतीत विकली गेली. माहेर आठच किलोमीटरवर, पण आता आईला बघायला जायचं तरी दोन दिवस आधी घरात सांगून ठेवावं लागतं. म्हणून मैत्रिणींनो, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

घाई करून पडायचं नाही, आणि भीतीपोटी गाडी कायमची झाकूनही ठेवायची नाही. गाडी काढण्याची वेळ कॅलेंडर बघून ठरवू नका. दसरा कधी पाऊस असतानाच येतो, कधी चांगला उशिरा. मी तीन गोष्टी बघते : रस्ता, गाडी आणि आपला हात.

आधी रस्ता

आपल्याकडून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. पण जाता जाता विजांसह एखादी सर टाकून जातो. चार कोरड्या दिवसांनंतर आलेली अशी सर फार फसवी. रस्त्यावरची धूळ आणि तेल भिजून डांबर साबणासारखं होतं. म्हणून सलग पाच-सहा दिवस कोरडे गेले की मगच गाडीचा विचार करायचा.

रस्ता कोरडा दिसला तरी लगेच भरवसा नको. खड्डे मुरूम-खडीने बुजवलेले असतात. ती बारीक खडी गाड्यांच्या चाकांनी उडून वळणावर पसरते. त्यावर ब्रेक दाबला की चाक घसरलंच! वेग खडीच्या आधीच कमी करायचा आणि खडीवरून हँडल सरळ ठेवून, ब्रेक न लावता जायचं. मोठ्या वडाखाली, पुलाच्या कठड्याशी शेवाळ उशिरापर्यंत टिकतं. सोयाबीनच्या भागात याच दिवसांत रस्त्यावरच मळणी चालते. ते दाणे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात, तेव्हा तिथूनही तसंच सावकाश जायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे वाहून गेलेली साइडपट्टी. समोरून एसटी आली की आपण डांबर सोडून खाली उतरतो आणि काठ चार बोटं उंच राहतो. मग तिरकं तिरकं वर चढायला गेलं की पुढचं चाक काठाला घासतं आणि गाडी आडवी होते. खाली उतरलात तर तिथे सरळ थांबा. मागे बघा. काठ कमी उंच असेल तिथून, चाक काठाला शक्य तितकं काटकोनात ठेवून हळू वर घ्या.

हे सगळं गाडीवर बसून शोधू नका. दोन दिवस आधी रिक्षाने किंवा चालत जाताना आपला नेहमीचा रस्ता नीट बघून घ्या. कुठे खडी, कुठे खड्डा, हे लक्षात राहतं.

मग गाडी

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतोच. त्याआधी तिला गॅरेज दाखवून आणली तर बरं नाही का?

झाकून ठेवलेल्या गाडीत उंदीर घर करतात, वायरी कुरतडतात. म्हणून सीट उघडून आधी आत बघा. चाकातली हवा नुसती उभ्या गाडीचीही कमी होते. ती किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. टायरच्या खाचांमध्ये लहानसा उंचवटा असतो. खाचा झिजून त्याच्या बरोबरीला आल्या असतील तर टायर बदलायलाच हवा. टायरच्या कडेला चार आकडे एकत्र असतात. '३२१९' म्हणजे २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. टायर फार जुना किंवा तडकलेला असेल तर मेकॅनिकला दाखवा.

ओलीमुळे ब्रेकला गंज धरतो आणि ते एकतर लागत नाहीत, नाहीतर एकदम धरतात. लिव्हर अगदी मुठीपर्यंत दाबावा लागत असेल तर ब्रेक आवळून घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल शोषून घेतं. चार महिन्यांचं जुनं पेट्रोल टाकीत असेल तर ते काढायचं का, हेही मेकॅनिकला विचारा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत बॅटरी पार उतरली तर किक मारूनही उपयोग होत नाही. म्हणून पुढच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अंगणात दहा मिनिटं गाडी चालू ठेवा, बरं का!

हेल्मेटच्या आतल्या स्पंजला बुरशी आलेली असते. ते वाऱ्यावर वाळवा, पट्ट्याचं लॉक तपासा. विमा आणि पीयूसीची तारीख बघा, पावसाळ्यात त्या हमखास उलटून जातात.

शेवटी आपला हात

चार महिन्यांत हाताची सवय सुटते, हे मान्य करायला लाज कसली? रविवारी सकाळी, दव वाळल्यावर, शाळेच्या मैदानावर जा. हळू वेगात पाच-सहा वेळा थांबून बघा, दोन्ही बाजूंनी वळा. एप्रिल २०१९ नंतरच्या बहुतेक स्कूटरवर डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांवर तो फक्त मागच्या चाकाला लागतो. आपल्या गाडीचं कसं आहे ते तिथेच समजून घ्या.

पहिली फेरी एकटीने, रिकाम्या हातांनी, ओळखीच्या रस्त्यावर. ओढणी नीट खोचलेली, साडी असेल तर पदर कमरेला. पुढ्यात भाजीच्या पिशव्या नकोत, मागे मूल नको. दोन-तीन दिवस असे गेले की मग मुलाला घेऊन शाळा. तालुक्याचा मोठा रस्ता त्याच्या पुढच्या आठवड्यात.

आणि ऊसपट्ट्यातल्या मैत्रिणींनो, दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. तेव्हा सराव त्याआधीच उरकून घ्या आणि सुरुवातीचे काही दिवस अंधार पडायच्या आत घरी या.

घरचे काळजीनेच 'राहू दे' म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका. रस्ता बघितलाय, गाडी दाखवून आणलीय, मैदानावर सराव केलाय, एवढं सांगा. मग त्यांच्याही मनातली भीती कमी होते.

तेव्हा येत्या रविवारी प्लॅस्टिक काढा, चाकातली हवा बघा आणि गॅरेजवाल्याला फोन करा. बाकीचं आठवडाभरात होऊन जाईल!