गोळीने आणलेली भूक

डिप्रेशनमध्ये ज्यांची झोप उडाली आहे आणि जेवणावरची वासनाही गेली आहे, त्यांना मानसोपचारतज्ज्ञ पुष्कळदा मिर्टाझापीन लिहून देतात. रात्री झोपताना एक गोळी, सुरुवातीला बहुधा साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची. पहिल्या काही रात्रींतच झोप लागू लागते, पाठोपाठ भूक परतते. महिनोन्‌महिने दोन घास खाऊन उठणारं माणूस आणखी एक पोळी मागून घेतं, तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. अडचण पुढे येते. मन सावरतं, कामावर जाणं सुरू होतं, पण भूक काही जागेवर येत नाही. जेवण होऊन तास झालेला नसतो आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. गोडाची ओढ तर अनेकांना आयुष्यात पहिल्यांदाच इतकी जाणवते.

हे औषध घेणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी, ती म्हणजे ही भूक म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. अमेरिकेत १९९६ साली या औषधाला परवानगी मिळाली. तिथल्या सहा आठवड्यांच्या चाचण्यांत भूक वाढल्याची तक्रार १७ टक्के रुग्णांनी केली, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी फक्त २ टक्क्यांनी. वजन सात टक्के किंवा त्याहून जास्त वाढलेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत ७.५ टक्के होते, दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत एकही नव्हता. साठ किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे चार किलोंहून अधिक, तेही दीड महिन्यात. याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी: बहुसंख्य रुग्णांचं वजन इतक्या वेगाने वाढत नाही. ज्यांचं वाढतं त्यांचं मात्र खरोखर औषधाने वाढतं.

ते कसं, हे पाहण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे जावं लागतं. किती खाल्लं, किती साठा आहे, आता थांबायचं की नाही, हा हिशेब तिथे चालतो. त्यात हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही दोन रसायनं 'आता पुरे' म्हणणाऱ्या बाजूची आहेत. दोन्ही आपापल्या रिसेप्टरवर जाऊन बसतात, तेव्हा तो निरोप पुढे पोहोचतो. हिस्टामिनचा रिसेप्टर एच-वन आणि सेरोटोनिनचा टू-सी. मिर्टाझापीन नेमक्या या दोन्ही जागा अडवून धरतं. एच-वन अडला की झोप येते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते तीही याच कारणाने. पण त्याच वेळी पोट भरल्याची वर्दीही मंदावते.

टू-सी रिसेप्टरचं महत्त्व कळलं ते उंदरांवरून. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा रिसेप्टरच नसलेले उंदीर जन्माला घातले, तेव्हा ते अधिक खाऊ लागले आणि लठ्ठ झाले. मग उलटा विचार झाला: हा रिसेप्टर चेतवला तर माणूस कमी खाईल का? त्यातून लॉर्कासेरिन नावाचं वजन कमी करण्याचं औषध निघालं. २०१२ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि ते घेणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण किंचित जास्त दिसल्यामुळे २०२० मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं. म्हणजे ज्या जागी बोट ठेवून भूक कमी करण्यासाठी एक औषध बनवलं गेलं, त्याच जागी मिर्टाझापीन बरोबर उलटं काम करतं. हे माहीत असलेल्या माणसाने रुग्णाला "जरा तोंडावर ताबा ठेव" असं सांगू नये.

वाढलेल्या वजनातला मोठा वाटा जास्त खाल्ल्याचाच असतो. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठतात. रोज अडीचशे कॅलरी जास्त गेल्या, तर सुरुवातीला महिन्याला साधारण एक किलो वाढतं. अडीचशे कॅलरी म्हणजे पन्नास ग्रॅम फरसाण, टीव्हीपुढे बसून सहज संपणारं.

आता वजन नेमकं किती वाढलं, हा प्रश्न. इथे अनेकांचा हिशेब चुकीच्या जागेपासून सुरू होतो. आजारात अन्न जात नव्हतं म्हणून आठ किलो कमी झालेल्या बाईंचं वजन औषधावर आठ किलो वाढलं, तर ते आजाराने नेलेलं परत आलं आहे. तुलना आजाराआधीच्या वजनाशी करावी, आजारातल्या वजनाशी नव्हे. त्या वजनाच्याही पुढे काटा गेला, तर काळजी घ्यायला हवी, आणि आपण जरा लवकरच घ्यायला हवी. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. याचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार बोलक्या पद्धतीने दाखवलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या अंगात चरबी आधीच जास्त असते, त्यामुळे औषधाने चढलेले चार-पाच किलो आपल्याला अधिक महाग पडतात. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरावी, आणि औषध सुरू होतानाच साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड तपासून ठेवावं. मिर्टाझापीनने काहींचं कोलेस्टेरॉल वाढतं. आणि थायरॉइड मंद असेल तर उदासी व वजन या दोन्हींचं एक मूळ तिथेही असू शकतं.

सगळ्यात धोक्याचा मार्ग सगळ्यात सोपा वाटतो: गोळीच बंद करायची. मन ठीक आहे, वजन वाढतंय, मग कशाला हवी? इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर अँटलर नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दीर्घकाळ औषध घेणारे, आता बरं वाटणारे आणि औषध थांबवायला तयार असलेले रुग्ण तिच्यात होते. काही जण मिर्टाझापीनवरही होते. ज्यांचं औषध हळूहळू बंद केलं त्यांच्यापैकी ५६ टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा डिप्रेशन आलं. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना. औषध बंद करता येतंच नाही असा याचा अर्थ नाही, जवळजवळ निम्म्यांना ते जमलं. पण तो निर्णय डॉक्टरांसोबत बसून, टप्प्याटप्प्याने घ्यायचा असतो. एकदम सोडल्यावर चक्कर, मळमळ, बेचैनी, झोप उडणं हे त्रास होतात ते वेगळेच. मनात टोकाचे विचार येऊ लागले तर वजनाचा विषय त्या क्षणी बाजूला ठेवावा आणि डॉक्टरांना किंवा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करावा.

दुसरी पळवाट म्हणजे स्वतःच्या मनाने अर्धी गोळी घेणं. इथे औषधाचा स्वभाव आड येतो. एच-वन रिसेप्टरला ते इतकं घट्ट चिकटतं की अगदी कमी मात्रेतही झोप आणतंच. त्यामुळे मात्रा निम्मी केल्यावर भूकही निम्मी होईल याची खात्री नाही, डिप्रेशनवरचा परिणाम मात्र कमी पडू शकतो.

मग करायचं काय? घड्याळापासून सुरुवात करावी. गोळी घेतल्यावर साधारण दोन तासांत रक्तातलं तिचं प्रमाण सर्वाधिक होतं. नऊला गोळी घेऊन अकरापर्यंत मालिका पाहत बसलं, तर गुंगी आणि भूक दोन्ही एकत्र अंगावर येतात. त्या अवस्थेत फ्रिज उघडणारा माणूस विचार करून खात नसतो. दात घासून, अंथरूण घालून, दिवा मालवण्याच्या बेताने गोळी घेतली, तर ती भूक बरीचशी झोपेत निघून जाते. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं, बहुधा ते हो म्हणतील. हे एवढं करूनही रात्री खाल्ल्यावाचून राहवत नसेल, तर काय खायचं ते संध्याकाळीच ठरवून वाटीत काढून ठेवावं: कपभर दूध, वाटीभर दही किंवा मूठभर फुटाणे. डबा हाताशी नको.

दिवसाच्या जेवणात उपाशी राहण्याचा हट्ट धरू नये. भूक औषधाने आणली आहे, ती ऐकणार नाही. तिला कमी कॅलरीत भरपूर काहीतरी द्यायचं. पोट भरल्याची भावना प्रथिनं, चोथा आणि पाणी यांच्याने टिकते, आणि आपल्या स्वयंपाकात ते सगळं आहे. मटकीची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे, ताक, दुधीची किंवा पडवळाची रसदार भाजी, काकडीची कोशिंबीर. ताटात आधी उसळ, भाजी आणि कोशिंबीर संपवावी, मग भाकरी-पोळी, भात शेवटी. एक गैरसमज इथेच दूर करतो: भाकरीने वजन उतरतं असं समजून पोळीऐवजी दोन मोठ्या भाकऱ्या खाणारे पुष्कळ भेटतात. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरी जवळजवळ सारख्याच. भाकरी चावायला वेळ लावते आणि पोटात जास्त वेळ राहते, एवढा तिचा गुण घ्यावा, पण मोजून. पोह्यांत, भाजीत, फोडणीत जाणारं तेल कोणी मोजत नाही, आणि छोट्या चमचाभर तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात. चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दीडशेच्या वर. गोडाची ओढ पूर्ण दाबू नये. जेवणाला जोडून एक फळ किंवा गुळाचा लहान खडा खाल्ला तर ती रात्री उसळत नाही. बिस्किटं, फरसाण, खारी घरात आणायचीच नाहीत, हा निर्णय मात्र सगळ्या घराने घ्यावा. एकट्या रुग्णाचा डबा वेगळा काढला की त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटतं.

उपवासाबद्दल सावध राहावं. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, वर बटाट्याचा चिवडा, असा उपवास वजन वाढवतोच. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात लोकप्रिय केलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत अनेक जण पाळतात. मिर्टाझापीन घेणाऱ्याने मात्र ती आपल्या डॉक्टरांना विचारून आणि रात्रीची भूक कशी सोसायची हे ठरवूनच सुरू करावी.

व्यायामाचा संकल्प बहुतेक जण पहाटेचा करतात आणि तिथेच तो मोडतो. शरीरातलं मिर्टाझापीन निम्मं व्हायला वीस ते चाळीस तास लागतात, म्हणून सकाळी डोकं जड असतं. पाचचा गजर लावून टेकडी चढायला निघण्यापेक्षा संध्याकाळी जेवणाआधी किंवा दुपारच्या जेवणानंतर चालावं. आठवड्याला दीडशे मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप आहे. सोबत दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत, म्हणजे वजन उतरताना स्नायू झिजत नाहीत. चालण्याने वजन थोडंच उतरतं, हे खरं. पण चालण्याने उदासीही कमी होते, आणि या माणसासाठी तो लाभ मोठा आहे.

उतरण्याचा वेग महिन्याला एक-दोन किलोंच्या वर धरू नये. वजन उतरू लागलं की शरीर प्रतिकार करतं. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. ही ओढ कोणालाही असते, इथे औषधाची ओढ तिच्यावर चढलेली. त्यामुळे काही काळ वजन फक्त आहे तिथे थांबवता आलं, तरी ते मिळवलेलं आहे असं मी मानतो.

आणि एवढं सगळं करूनही काटा चढत राहिला, तर तो रुग्णाचा पराभव नाही, औषध बदलण्याचं कारण आहे. पहिल्याच महिन्यात वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं तर थांबू नये, पुढेही ते बरंच वाढण्याचा तो इशारा असतो. पर्याय आहेत. बुप्रोपिऑनने वजन सहसा वाढत नाही, काहींचं उतरतंही. पण ते झोप आणत नाही, आणि फिट येण्याचा इतिहास किंवा खाण्याचा विकार असलेल्यांना देत नाहीत. इतर गोळ्यांतही फरक आहे: अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सर्ट्रालिनच्या तुलनेत एस्सिटालोप्राम आणि पॅरोक्सेटिनने सहा महिन्यांत वजन थोडं जास्त वाढलेलं दिसलं, बुप्रोपिऑनने सर्वांत कमी. तो फरक अर्ध्या किलोच्याही आत होता. काही डॉक्टर मेटफॉर्मिन जोडतात. त्याचा आधार मुख्यतः स्किझोफ्रेनियाच्या औषधांवरच्या अभ्यासांतून आलेला आहे. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. मात्र त्यांच्या मुख्य चाचण्यांत नुकतंच तीव्र डिप्रेशन असलेल्यांना घेतलेलं नव्हतं, म्हणून ती मानसोपचारतज्ज्ञांना न सांगता घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे जाताना आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी सकाळी घेतलेली वजनं, कमरेचा घेर, गोळीची वेळ आणि रात्रीच्या खाण्याची नोंद वहीत लिहून न्यावी. खोलीत शिरल्यावर अनेक जण मनाबद्दल बोलतात आणि वजनाबद्दल लाजून गप्प बसतात. मग पुढच्या महिन्यात गोळी गुपचूप बंद झालेली असते. पहिलंच वाक्य वजनाचं बोलावं: औषधाने बरं वाटतंय, पण दोन महिन्यांत इतके किलो वाढलेत, हे असंच राहिलं तर मी औषध चालू ठेवू शकणार नाही. चांगला डॉक्टर हे ऐकून रागावत नाही. तो वही मागून घेतो आणि गोळीची वेळ, मात्रा आणि पर्याय यांवर बोलायला लागतो.