स्टार्चच्या कारखान्यातला सेंटर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या मागांचा खडखडाट चालू असतो. मागावर मजुरी मालाच्या हिशेबाने मिळते. माग थांबला की मजुरीही थांबली. अमेरिकन फुटबॉलचा एक जुना खेळाडू समजून घ्यायला हा हिशेब कामी येतो.

१९२० साली इलिनॉयमधल्या डिकेटर गावात ए. ई. स्टेली यांचा मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना होता. स्टेलींनी जॉर्ज हॅलास या तरुणाला कामावर घेतलं आणि कंपनीचा संघ त्याच्या हाती दिला. खेळाडूंना कारखान्यात नोकरी मिळाली, शिवाय सराव भरपगारी वेळेत. त्याच वर्षी अमेरिकेतली फुटबॉलची पहिली टिकाऊ व्यावसायिक लीग उभी राहिली आणि डिकेटर स्टेलीज तिच्यात उतरले.

या संघाचा सेंटर होता जॉर्ज ट्रॅफ्टन. वाकून चेंडू मागच्या गड्याकडे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्या धिप्पाड अंगाला छातीवर घ्यायचं. ट्रॅफ्टन चेंडू एकाच हाताने मागे देई. तसं करणाऱ्या पहिल्या काही सेंटरांत त्याचं नाव घेतात. कबड्डीतला कव्हर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे काम सांगावं लागणार नाही.

पुढच्याच वर्षी स्टेलींना हा खर्च झेपेना. पाच हजार डॉलर देऊन त्यांनी संघ हॅलासकडे सोपवला. अट एवढीच, की एक हंगाम कंपनीचं नाव ठेवायचं. संघ शिकागोला गेला, १९२१ चं अजिंक्यपद जिंकला आणि १९२२ पासून बेअर्स झाला. ट्रॅफ्टन १९३२ पर्यंत खेळला, त्या वर्षीचं अजिंक्यपदही त्याच्या वाट्याला आलं. मधल्या काळात हा गडी मुष्टियुद्धातही उतरला. १९२९ च्या डिसेंबरात बेसबॉलपटू आर्ट शायर्सला त्याने गुणांवर हरवलं. पुढच्या वर्षी प्रिमो कार्नेराने त्याला पहिल्याच फेरीत आडवं केलं. हा कार्नेरा पुढे जगज्जेता झाला, म्हणजे मार खाल्ला तोही नामवंताचा! फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये ट्रॅफ्टनला १९६४ मध्ये घेतलं.

आपल्याकडे २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, पण त्याआधीही कबड्डीपटूचं घर चालत होतंच: रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, महिंद्रा. स्टेलींनी केलं ते या संस्थांनी कितीतरी वर्षं केलं, आणि माझ्या मते त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळत नाही. लीग आल्यावर पैसा वाढला, तरी टाळ्या चढाईलाच. २०१५ च्या अंतिम सामन्यात यू मुंबाने बेंगळुरू बुल्सला ३६–३० असं हरवलं. लोकांच्या तोंडी नाव चढाई करणाऱ्या अनुप कुमारचं, उजव्या कव्हरला उभ्या असणाऱ्या विशाल मानेचं कमी. एका चढाईत तीन-चार गुण लुटता येतात. पकडीला एक, फार तर दोन.

अक्कलकोट रोडवर मात्र असा संघ उभा राहणं अवघड. संघ पोसायला मोठी आस्थापना लागते, हजेरीपट लागतो, सरावाची वेळ कामात धरणारा मालक लागतो. इथली बहुतेक युनिटं लहान, आणि मागावरचा माणूस दोन तास मैदानावर गेला, तर तेवढा टॉवेल विणायचा राहतो.