सावकाश चालले तर चरबी जास्त जळते का?

'सावकाश चाला, चरबी जळेल. पळालात तर नुसती साखर जळेल.' सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या तोंडी हा सल्ला नेहमी असतो. रासायनिक समीकरणे शिकवताना तो वर्गात तपासून पाहता येतो, म्हणून येथे घेत आहोत.

शरीरात कोणते इंधन जळत आहे, हे उच्छ्वासावरून कळते. ग्लुकोजच्या एका रेणूला प्राणवायूचे ६ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू बाहेर पडतात. गुणोत्तर १. चरबीतल्या पामिटिक आम्लाच्या रेणूत कार्बनचे १६, हायड्रोजनचे ३२, पण ऑक्सिजनचे अवघे २ अणू असतात. त्यामुळे त्याला बाहेरून प्राणवायूचे २३ रेणू घ्यावे लागतात. कार्बन डायऑक्साइडचे निघतात १६. गुणोत्तर ०.७. (विद्यार्थ्यांना समीकरण स्वतः संतुलित करू द्यावे.) कोपनहेगनच्या क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९२० मध्ये माणसांना जागच्या जागी सायकल चालवायला लावून हे गुणोत्तर मोजले. ते बहुधा या दोन टोकांच्या मधे येई. म्हणजे दोन्ही इंधने एकाच वेळी जळतात.

श्रम हलके असले की गुणोत्तर ०.७ कडे झुकते. धाप लागण्याइतके वाढले की ते १ कडे सरकते, कारण स्नायू आपल्या साठ्यातले ग्लायकोजेन झपाट्याने वापरू लागतात. म्हणजे सल्ला खरा ठरला? प्रमाणापुरता खरा. पण प्रमाण कशाचे, हे विचारायला हवे. समजा, अर्धा तास चालून १०० उष्मांक खर्च झाले आणि त्यातले ६० चरबीतून आले. तेवढाच वेळ पळून ३०० खर्च झाले, त्यातले ४० टक्के चरबीतून. ते झाले १२०! शिवाय पळताना संपलेले ग्लायकोजेन पुढच्या जेवणातून भरून निघते, आणि विश्रांतीच्या काळात शरीर चरबी अधिक वापरते. हिशेब दिवसाचा धरायचा, अर्ध्या तासाचा नव्हे.

मग चालण्याची महती कशात? ते तासभर जमते, रोज जमते, गुडघ्यांवर भार कमी येतो. आमच्या मते एवढे कारण पुरेसे आहे; त्याला चरबीची दंतकथा जोडण्याची गरज नाही.

आता वजनाचे. साठ किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालला, तर बसून राहण्यापेक्षा सुमारे १५० उष्मांक जास्त खर्च होतात. अंगावरच्या एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक असतात. भागाकार केला तर ५१ दिवस येतात, तेही आहार तसूभरही वाढला नाही तर. परतताना वाटेत खाल्लेला एक बटाटेवडा त्या दिवसाची कमाई सहज परत करतो.