गॅस संपत नाही, गळतो

मे महिन्यात संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालला दुपारी बारानंतर रस्ता ओस पडतो. गाड्यांना मात्र थांबून चालत नाही. कोणी शेगावला दर्शनाला निघालेले असते, कोणी लग्नाला, कोणी पेशंट घेऊन अकोल्याला. अशा दिवसांत गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला की मालकाच्या तोंडी एकच वाक्य येते, "गॅस संपला वाटते भाऊ, मारून द्या." गॅस मारला जातो, पैसे चुकते होतात, गाडी गार होते. पुढच्या उन्हाळ्यात, कधी पंधरा दिवसांतच, गाडी पुन्हा त्याच दारात.

या समजाचे मूळ बहुधा वऱ्हाडातल्या घराघरांतल्या कूलरमध्ये असावे. कूलरमधले पाणी वाफ होऊन उडून जाते, म्हणून टाकी रोज भरावी लागते. गाडीच्या एसीतही द्रव उकळूनच गारवा तयार होतो. पण तिथे झालेली वाफ बाहेर जात नाही. ती पकडून, दाबून, पुन्हा द्रव केली जाते. आजच्या बहुतेक गाड्यांत असणारा आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळताना केबिनची उष्णता शोषतो. कंप्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून परत कॉइलकडे येतो. फेरा बंद असतो. रबरी नळ्यांतून आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षानुवर्षे थोडे झिरपते, ते सोडले तर गॅस कमी होण्याचे कारण एकच : कुठेतरी गळती आहे.

आणि दर वेळी कारण गॅस असतेच असेही नाही. धावत्या गाडीत गार आणि फाटकावर थांबले की गरम, अशी तक्रार असेल तर पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. अर्धा तास उत्तम चालून हवेचा झोतच मंदावला आणि एसी बंद ठेवल्यावर थोड्या वेळाने परत आला, तर कॉइलवर बर्फ जमतो आहे. झोत सुरुवातीपासूनच कमजोर असेल तर केबिन फिल्टर काढून बघावा. कपाशीच्या या पट्ट्यात काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू मिळून फिल्टरवर आणि कंडेन्सरच्या पात्यांवर जाड थर बसतो. तो साफ केला की बऱ्याच गाड्या गॅसचा एक ग्रॅमही न भरता सुधारतात.

खरी कसोटी दाबाचे गेज लावल्यावर सुरू होते, आणि इथे गावाचे हवामान मध्ये येते. गाडी बंद असताना ४० अंशांना दोन्ही काटे सुमारे १३० पीएसआय दाखवतात. तो आकडा पाहून गॅस पुरेसा आहे असे मानणे चूक आहे. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तेवढाच राहतो. गॅस किती आहे हे त्यावरून कळतच नाही. इंजिन चालू केल्यावर वेगळाच प्रश्न येतो. बाहेर ४५ अंश असताना उष्णता टाकायची, तर कंडेन्सरमधला गॅस ६० अंशांच्या आसपास असावा लागतो, आणि त्या तापमानाला त्याचा दाब २३० पीएसआयच्या घरात जातो. वरवट बकालच्या भरदुपारी ते स्वाभाविक आहे. मुंबईच्या ३० अंशांतले आकडे डोक्यात ठेवून कोणी इथे थोडा गॅस सोडून दिला, तर चांगली यंत्रणा अर्धपोटी होते. दोन्ही काटे जवळजवळ सारखेच राहिले तर मात्र कंप्रेसर दाबच तयार करत नाही, हे उघड आहे.

गळती शोधायला चिकाटी लागते. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. सांध्यांवर साबणाचा फेस लावतात, नायट्रोजनचा दाब देतात, चमकणारा रंग सोडून अतिनील दिव्याखाली बघतात. कूलिंग कॉइलची गळती सर्वांत त्रासाची, कारण बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते, आणि कंडेन्सर ॲल्युमिनियमचाच असतो. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली तर शेवटची एक बादली गोड्या पाण्याची कंडेन्सरच्या जाळीवर ओतावी.

दुरुस्तीत सर्वांत जास्त टाळले जाणारे काम म्हणजे व्हॅक्यूम. सांधा उघडला की आत हवा आणि ओल जाते. ओल व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते, तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि कंप्रेसर खाते. पंपाने अर्धा तास हवा ओढावी, मग पंप बंद करून गेजचा काटा हलतो का ते बघावे. यंत्रणा उघडल्यावर ओल शोषणारा ड्रायर नवा घालावा. त्यानंतर गॅस वजनकाट्यावर मोजून भरावा. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात. छोट्या गाडीत हा आकडा साधारण ३५० ते ५५० असतो. हाताला गार लागेपर्यंत भरत राहणे ही पद्धत बंदच व्हायला हवी. विजेवरच्या गाडीत तर कंप्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याचे तेलही वेगळे असते, म्हणून ते काम शिकलेल्या माणसाकडेच द्यावे.

गळतीची किंमत गाडीमालकापुरती राहत नाही. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनला मारक असलेला आर-१२ गाड्यांतून हद्दपार झाला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. अर्धा किलो गॅस हवेत सुटला म्हणजे साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळल्याएवढा परिणाम झाला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, त्यामुळे असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करावे लागणार आहेत. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए चालत नाही.

दरम्यान एसी दुरुस्तीचे काम वाढतेच आहे. २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. जिनिंगमधून कापसाच्या गाठी घेऊन निघणाऱ्या चालकाला त्याचा मोठा आधार होईल. हे ट्रक बिघडले की रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येच थांबतील. राज्यातल्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम आहे. तो शिकून गावाकडे परतलेल्या मुलाला गेज, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा एवढ्या सामानावर हे काम नीट उभे करता येईल.